डाकोटात आधी कोण चढणार?

मी स्वतः विमानात बसले ती आजवर मोजून चार वेळा, आणि चारही वेळा खिडकीपाशी बसून झोपले. दुसऱ्यांना विमानात चढवण्यात मात्र माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. बंगळूरच्या विमानतळावर मी ट्रॅफिक असिस्टंट होते. आमच्या गविपुरातल्या घरी या शब्दाचा अर्थ कुणालाच लागला नाही. आई शेजारणींना सांगायची, "आमची मंजुळा विमान सोडते." शेजारणी माझ्याकडे जरा बिचकून बघायच्या.

विमान सोडणारे वेगळे. मी माणसं सोडत होते. तिकीट तपासायचं, सामान तोलायचं, माणसं तोलायची, वजनाचा तक्ता भरून वैमानिकाकडे पाठवायचा, माइकवरून घोषणा करायची आणि सगळ्यांना रांगेनं विमानात चढवायचं. कागदावर हे सोपं दिसतं.

मोहित्यांचं आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर इकडे आलं, असं घरात सांगतात. तेव्हापासून आमच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय, की कुठलं कुठून आलं ते आम्हालाच कळत नाही. मला ही नोकरी मिळाली ती या मिसळीमुळेच. कन्नड, तमिळ, हिंदी, इंग्रजी आणि घरची मराठी, पाचही भाषांत मी "कृपया" म्हणू शकत होते. आमचे स्टेशन मॅनेजर पिंटो साहेब मुलाखतीत म्हणाले, "पाच भाषांत कृपया म्हणणं सोपं आहे. पाच भाषांत नाही म्हणता येईल?" मी म्हटलं, "येईल, सर." नोकरी लागली.

ही पन्नास सालानंतरच्या दशकाची शेवटची वर्षं. तेव्हा आमच्याकडे डाकोटा विमानं होती. ज्यांनी डाकोटा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हे विमान जमिनीवर उभं असलं की नाक आभाळाकडे आणि शेपूट जमिनीला टेकलेलं. दार शेपटीकडे. पाच पायऱ्यांची शिडी चढून आत गेलात की समोर चढणच. मधल्या चिंचोळ्या वाटेनं खुर्च्यांच्या पाठी धरत वर जायचं. खुर्च्या अठ्ठावीस. त्यांच्यावर नंबर नव्हते. जो जिथे बसेल ती त्याची जागा.

आता माणसाचा स्वभाव बघा. जो धक्के मारत सगळ्यांच्या आधी आत शिरायचा, तो चढण कशाला चढेल? तो दाराजवळच्याच खुर्चीत बसायचा. त्याआधी वाटेत उभा राहून कोट काढायचा, पिशवी वर ठेवायचा, ती पुन्हा काढून तिच्यातला पेपर घ्यायचा. त्याच्या मागचे पंचवीस लोक शिडीवर आणि उन्हात. मग त्याला ओलांडून, त्याच्या पायांवर पाय देत ते पुढे जायचे. रोज हेच. वर विमानाचा तोल सांभाळायचा, म्हणून आम्हाला पुढच्या खुर्च्या आधी भरायला हव्या असत. हवाई सुंदरी लोकांना उठवून पुढे पाठवायची आणि ते रागानं तिच्याकडे बघायचे.

तोलाचा प्रश्न आला म्हणून वजनाचंही सांगते. तेव्हा प्रवाशांनाही काट्यावर उभं करायचे. घोड्यांच्या शर्यतींच्या दिवसांत जॉकी यायचे, ते टुणकन उडी मारून उभे राहायचे. त्यांचं पोट त्यावरच होतं. बाकी सगळ्यांना संकोच. बायकांसाठी मी काट्याची तबकडी भिंतीकडे वळवून घेतली होती. आकडा मी एकटीनं वाचायचा, लिहायचा आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. चिक्कपेटेतले रेशमाचे व्यापारी नंजुंडय्या दर महिन्याला मुंबईला जायचे. ते काट्यावर चढण्याआधी कोट, छत्री, घड्याळ, अंगठ्या आणि चष्मासुद्धा माझ्या हातात द्यायचे. आमचा हमालांचा मुकादम मुनियप्पा लांबून बघत म्हणायचा, "अक्का, मागच्या वेळचं लिहू नकोस. दोन किलो वाढलेत." त्याच्या डोळ्यांना काट्याची गरज नव्हती. त्याचा अंदाज चुकलेला मी क्वचितच पाहिला.

चढण्याचा क्रम कंपनीनं छापून दिला होता. आधी आजारी प्रवासी. मग लहान मुलं असलेल्या बायका. मग मान्यवर. आणि शेवटी "सर्वसाधारण प्रवासी", म्हणजे बाकीचे सगळे. पहिल्या तीन गटांत मिळून चार-पाच माणसं असायची, चौथ्यात वीस-बावीस. त्या वीस-बावीस जणांनी आपसात कसं चढायचं, याबद्दल कागदात एक अक्षरही नव्हतं.

आता मूळ गोष्ट.

डिसेंबर महिना होता. बंगळूरला त्या दिवसांत सकाळी धुकं उतरतं आणि धावपट्टी दिसेनाशी होते. मुंबईचं विमान अडकून पडलं होतं. वेताच्या खुर्च्यांवर लोक चुळबुळत होते. कोपऱ्यात एक वडील आणि मुलगी बसले होते. वडील जलहळ्ळीकडच्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन, वामनराव दामले. चार वर्षांपूर्वी पुण्याहून बदलून आलेले. मुलगी शैला, एकोणीस वर्षांची. लहानपणी पोलिओ झालेला. दोन्ही काखांत कुबड्या.

तिकीट तपासताना मी मराठीत बोलले तेव्हा वामनराव खूश झाले. "अरे वा, तुम्ही मराठी?"

"हो, सरी ना मग. सामान इकडे ठेवा. स्वल्प थांबा, लेबल बांधते."

शैलाला हसू आवरेना. "बाबा, ही कुठली मराठी?"

"इथलीच," मी म्हटलं. "तुमच्या पुण्याच्या आधीपासूनची." ती आणखीनच हसली. मला ती आवडली.

वामनरावांनी सांगितलं, इंग्लंडहून एक नावाजलेले सर्जन मुंबईत येतात, वर्षातून दोनदाच. आधी तपासून मग ऑपरेशन करतात. शैलाला दुसऱ्या दिवशीची सकाळची वेळ मिळाली होती. आगगाडीनं दीड दिवस, मध्ये गाडी बदलायची, आणि इतका वेळ बसून तिची पाठ धरते. म्हणून विमान.

धुकं फाटलं तेव्हा लोकांचा धीर संपला होता. मी माइक घेतला आणि नेहमीप्रमाणे छापील ओळ वाचली, पाचही भाषांत: "आजारी प्रवाशांनी प्रथम विमानाकडे यावे." आणि शैलाकडे बघितलं.

सगळा हॉल तिच्याकडे बघायला लागला.

ती उठली नाही. वामनराव म्हणाले, "चल शैला, आपल्यालाच बोलावलंय." ती म्हणाली, "मी आजारी नाही." त्यांनी हात धरला, तो तिनं सोडवून घेतला. मला वाटलं, पोरगी हट्टी आहे. मागे छप्पन्न कामं खोळंबलेली. मी पुढच्या ओळी भराभर वाचून टाकल्या आणि सर्वसाधारण प्रवाशांना बोलावलं.

तेव्हा ती उठली. तिला सर्वसाधारण म्हणून जायचं होतं.

फाटकातून लोंढा निघाला. शिडीजवळ नेहमीची कोंडी झाली. कोणीतरी वर वाटेत उभा राहून कोट काढत असणार. शैला तिसऱ्या पायरीवर होती. मागून कुणीतरी रेटलं. मुद्दाम नाही, त्यालाही मागून कुणीतरी रेटलं होतं. तिची डावी कुबडी पायरीवरून घसरली आणि ती डाव्या हातावर सिमेंटवर पडली.

मनगट मोडलं. विमानतळाच्या डॉक्टरांनी फळी बांधली आणि म्हणाले, हिला आज विमानात पाठवायचं नाही. मनगट गेलं म्हणजे कुबडीही गेली. सर्जनची वेळ गेली. पुढची वेळ सहा महिन्यांनी.

विमान दोन रिकाम्या खुर्च्या घेऊन गेलं. वामनराव माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "सामान परत मिळेल का?"

मी चौकशीच्या कागदावर लिहिलं: प्रवाशाने सूचना मिळूनही प्राधान्याचा लाभ घेतला नाही. वाक्य अगदी खरं होतं. पिंटो साहेबांनी सही केली. तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य दोन दिवस मला सोडेना. आजही ते आठवलं की लाज वाटते.

रविवारी बस बदलत यशवंतपूर गाठलं आणि तिथून कारखान्याच्या क्वार्टर्सपर्यंत चालत गेले. वामनरावांनी दार उघडलं.

"आता काय राहिलंय, मोहितेबाई?"

"शैलाला भेटायचं होतं."

त्यांनी वाट सोडली, पण या म्हणाले नाहीत. शैला पलंगावर होती, हात प्लास्टरमध्ये. मी माफी मागितली. घरून पाठ करून आणलेली वाक्यं होती, ती संपली. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुम्ही मला तिकिटावरून ओळखत होतात. हसला होतात माझ्याशी. मग नाव का नाही घेतलंत? जवळ येऊन का नाही म्हणालात, शैला, चल?"

मी म्हटलं, "छापील होतं. तेच वाचलं."

"मी आजारी नाही हो. मला ताप नाही, खोकला नाही. मला फक्त वेळ लागतो."

मग तिनंच विचारलं, "पण लोक वर अडकले का होते? विमान तर रिकामं होतं."

मी तिला मघाशी तुम्हाला सांगितलं तेच सगळं सांगितलं: दार मागे, वाट चढणीची, आधी शिरणारा मागेच बसतो. सांगता सांगता ती उठून बसली. "बाबा, तुमचा बोर्ड द्या जरा." वामनरावांच्या ड्रॉइंग बोर्डावर तिनं उजव्या हातानं विमान काढलं, वडिलांची मुलगी, रेघ सरळ. चौदा खुर्च्या वाटेच्या या बाजूला, चौदा त्या बाजूला. मग आईकडून चिंचोके मागवले. अठ्ठावीस मोजून घेतले.

"हा माणूस आत आला. काय करतो?"

"कोट काढतो."

"किती वेळ?"

"तीन श्वास धर. पिशवी वर ठेवायला आणखी तीन."

ती चिंचोका थांबवून ठेवायची आणि आम्ही दोघी श्वास मोजायचो. मागचे चिंचोके रांगेत उभे. पहिल्या खेळात, लोक रोज चढतात तसे चढवले, तर आम्हाला मोजता मोजता कंटाळा आला. मग तिनं सगळ्यात पुढच्या खुर्च्यांचे आधी सोडले, मग मधल्यांचे, मग मागच्यांचे. चिंचोके सरसर गेले.

तिची आई चहा घेऊन आली, बघत राहिली आणि म्हणाली, "पण नवरा पुढे आणि बायको मागे असं झालं तर?"

शैलानं क्षणभर विचार केला. "कुटुंब म्हणजे एकच चिंचोका," ती म्हणाली. तोही नियम झाला.

मी पुढचे चार रविवार तिथे गेले. वामनराव तिसऱ्या रविवारी आमच्यात बसले आणि आम्हाला सांगू लागले की विमानाचं माप चुकतंय. चौथ्या रविवारी मी विचारलं, "शैला, तुझा चिंचोका कुठे?" तिनं तो सगळ्यांच्या आधी आत सोडला आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खिडकीशी ठेवला. "आधी चढायचं, म्हणजे मागून कुणी रेटणार नाही. आणि मागे बसायचं, म्हणजे चढण नको. खिडकीशी बसले की वाटेत कुणाला अडथळाही नाही." कंपनीच्या कागदानं आजाऱ्याला आधी चढवायला सांगितलं होतं, पण आधी चढणाऱ्याला हवाई सुंदरी पुढे पाठवायची, म्हणजे सगळी चढण त्याच्याच वाट्याला यायची. इतकी वर्षं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पिंटो साहेबांपुढे मी शैलाच्या नियमांचा कागद ठेवला. ते म्हणाले, "मिस मोहिते, हा विमानतळ आहे. शाळेची प्रार्थना नाही, वर्गावर्गानं सोडायला." पण कागद परत दिला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आठवडाभर. मद्रासच्या विमानावर करून बघा. भांडण झालं तर बंद."

भांडण पहिल्याच दिवशी झालं. मी तीन रंगांची कार्डं कापली होती: लाल पुढच्यांना, पिवळी मधल्यांना, पांढरी मागच्यांना. लाल कार्ड मिळालेले एक वकील म्हणाले, लाल म्हणजे धोका, मी हे घेणार नाही. पांढरं मिळालेल्या आजी म्हणाल्या, एवढं पांढरं मला आत्ताच नको. आणि मद्रासला निघालेले नंजुंडय्या, यातला वरचा रंग कुठला, हे कळेपर्यंत काउंटरवरून हलेनात.

"वरचा-खालचा नाही हो, कुणी कधी चढायचं एवढंच."

"म्हणजे मला शेवटी चढवणार?"

"शेवटी चढलात तर दाराजवळ बसाल. चढण नाही."

"मला पहिलंच द्या."

दिलं. ते सगळ्यांच्या आधी आत गेले, खुर्च्यांच्या पाठी धरत अगदी पुढे चढले आणि धापा टाकत बसले. पुढच्या खेपेला मला हळूच म्हणाले, "अम्मा, ते शेवटचं कार्ड आहे का?"

मुनियप्पानं रंगांवर उपाय काढला. "अक्का, फुलं ठेव. फुलांत कोण वरचं आणि कोण खालचं?" शिवाजीनगरात एक म्हातारे शिक्के कोरून देत. त्यांनी चाफा, मोगरा आणि शेवंती असे तीन शिक्के दिले. सगळी कार्डं एकाच रंगाची, वर फूल. माझी घोषणा ऐकून नवीन लोक दचकायचे: "चाफ्याच्या प्रवाशांनी कृपया विमानाकडे यावे." मग हसायचे. हसणारी माणसं रेटत नाहीत, हे मी तेव्हा शिकले.

आणि त्या सगळ्यांच्या आधीची घोषणा मी बदलली. आजारी शब्द काढून टाकला. म्हटलं, "ज्यांना चढायला थोडा वेळ लागतो, त्यांनी आधी यावे." त्या दिवशी मला वाटलं होतं, कुणी उठणार नाही. सात जण उठले. गुडघे धरलेले एक निवृत्त न्यायाधीश, ते वर्षभर आमच्या विमानानं जात होते आणि कधी आधी चढले नव्हते. एक गरोदर बाई. एक चांगला धडधाकट दिसणारा फौजी, त्यानं पँट जरा वर करून मला लाकडी पाय दाखवला आणि डोळा मारला. ही माणसं रोज तिथेच असायची. आजारी म्हणून त्यांतलं कुणीही उठलं नसतं.

आठवड्यानं पिंटो साहेबांनी शिडीजवळ उभं राहून घड्याळ बघितलं. मग विमानाचं दार बंद झाल्यावर पुन्हा बघितलं. घड्याळ कानाला लावलं. आठवडा संपल्यावर बंद करा असं कधी म्हणाले नाहीत.

जूनमध्ये शैला आली. हात बरा झाला होता. मी काउंटरवरून उठून तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "शैला, चल. तुझी वेळ झाली." ती म्हणाली, "माइकवरून पण सांगा की. मला ऐकायचंय." म्हणून परत जाऊन घोषणा केली. तिच्याबरोबर आणखी तिघं उठले. ती त्यांच्यातून चालत निघाली.

ती फाटक आणि विमान यांच्या मधोमध पोचली असेल, तेवढ्यात एक काळी गाडी सरळ विमानाशी येऊन थांबली. दिल्लीचे एक बडे गृहस्थ, आमच्या यादीत नाव होतं पण ते येतील अशी आशा सोडलेली. त्यांचे सचिव उतरले आणि शिडीकडे बोट करून म्हणाले, "साहेब आधी चढतील." कंपनीच्या कागदाप्रमाणे आजाऱ्यांनंतर मान्यवर. पण प्रत्यक्षात मान्यवर आले की सगळे बाजूला व्हायचे, हा कुठेही न छापलेला नियम होता. शिडीवर पुन्हा दोन माणसं, पुन्हा घाई.

पिंटो साहेब शिडीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. "एक मिनिट, सर. काही प्रवासी आधी चढतायत."

"कोण प्रवासी?" सचिव म्हणाले.

"ज्यांना वेळ लागतो ते."

"तुम्हाला माहीत आहे साहेब कोण आहेत?"

"माहीत आहे, सर. त्यांना वेळ लागत असेल तर त्यांनीही आत्ताच यावं."

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते बडे गृहस्थ गाडीतून उतरून उन्हात उभे होते आणि मुनियप्पाला विचारत होते, हे विमान किती जुनं आहे. मुनियप्पा त्यांना सांगत होता, "अण्णा, विमान जुनं नाही, आम्ही जुने." शैला पायऱ्या चढली. एका पायरीवर थांबली, कुबडी नीट टेकवली, पुढची पायरी. कुणी हात लावला नाही. ती दारात नाहीशी झाल्यावर पिंटो साहेब बाजूला झाले.

सचिवांनी तक्रार केली. वरून खुलासा मागवणारं पत्र आलं. पिंटो साहेबांनी एका ओळीत उत्तर टाइप करवून घेतलं: विमान वेळेवर सुटले. त्यांची बढती त्या वर्षी झाली नाही. त्या पत्रामुळे की आणखी कशामुळे, ते मला ठाऊक नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मिस मोहिते, तक्ता भरा."

मुंबईत शैलाची दोन ऑपरेशनं झाली. चमत्कार झाला नाही. उजवा पाय बराच सुधारला, डावा होता तसाच राहिला, त्याला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर लावावं लागलं. तीन महिन्यांनी ती परत आली तेव्हा दोन कुबड्यांच्या जागी एक काठी होती. वामनराव मला म्हणाले, "तिला वाटलं होतं काठीही सुटेल." ती नाराज होती. काही महिने विमानतळावर, माझ्या घरीसुद्धा, यायचं टाळत होती. मी गेले तर पुस्तकात डोकं घालून बसायची. ती पुस्तकं गणिताची होती.

दरम्यान आमच्याकडे नवीन व्हायकाउंट विमानं आली. ती जमिनीवर सरळ उभी राहायची, आत चढण नाही, खुर्च्यांवर नंबर. माझी फुलांची कार्डं हळूहळू मागे पडली. डाकोटा जिथे जिथे जायचं तिथेच ती चालली. छापील बोर्डिंग कार्डं आली, त्यांच्यावर फुलं नव्हती. आपण खपून काहीतरी बसवावं आणि यंत्रानंच त्याची गरज संपवावी, याचं मला वाईट वाटलं. पण लोक रेटत नव्हते, ते बरंच होतं. आणि "ज्यांना वेळ लागतो" ही घोषणा मी व्हायकाउंटलाही चालू ठेवली. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. थांबवलंही कुणी नाही.

एका सकाळी मी काउंटरवर होते. डाकोटाचं मद्रासचं विमान. समोर शैला. एकटी. साडीवर स्वेटर, काखेत कागदांची गुंडाळी.

"अक्का, मद्रास. उद्या मुलाखत आहे, एका कारखान्याच्या प्लॅनिंग विभागात. गणितावाल्यांना घेतायत." तिनं मला अक्का म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"वामनराव?"

"मी म्हटलं एकटी जाते. दोन दिवस भांडलो, मग गप्प बसले."

मी शेवटच्या रांगेचं, दाराजवळच्या खिडकीचं कार्ड काढायला लागले. तिनं हात मध्ये घातला.

"चाफा द्या."

"चाफा अगदी पुढे आहे, शैला. डाकोटा आहे हे. चढण."

"माहीत आहे. मीच काढलीय ना ती चढण? मला इंजिनाच्या पंख्याजवळ बसायचंय. इंजिन चालू होताना बघायचंय. प्रत्येक वेळी मागे बसून नुसती शेपटी बघितली."

मी तिला काट्यावर उभं केलं, तबकडी भिंतीकडे वळवून. आकडा लिहिला. चाफ्याचं कार्ड दिलं.

वेळ लागणाऱ्यांची घोषणा झाली. दोन म्हातारे गृहस्थ आणि एक बाळंतीण उठली. शैला खुर्चीत बसून पेपर वाचत होती. मग मी चाफा म्हटलं. ती सात-आठ जणांबरोबर निघाली. शिडीपाशी तिच्या मागचा माणूस थबकला, तिनं त्याला काठीनंच खूण केली, थांबा, येतेय. तो थांबला. मी शिडीच्या खाली उभी राहून खिडक्यांतून आत बघत होते. वाटेत खुर्च्यांच्या पाठी धरत, एका हातानं काठी, दुसऱ्या हातानं खुर्ची, ती वर जात होती. मध्ये एकदा थांबली. हवाई सुंदरी पुढे आली, शैलानं मान हलवली, ती मागे गेली. मागच्या कुणीतरी नाराजीचा आवाज काढला. काढू दे. मग ती पुढच्या खिडकीशी बसली आणि काचेला नाक लावून पंखा बघायला लागली.

मी काउंटरवर परत आले, वजनाचा तक्ता पुढे ओढला. सर्वसाधारण प्रवाशांची बेरीज पुन्हा केली, तिच्यासकट. "मदत लागणारे प्रवासी" या रकान्यात ते तिघं लिहिले. खाली सही केली आणि मुनियप्पाच्या हाती कागद वैमानिकाकडे पाठवून दिला.